साहेब, कामगार आणि प्रवारणा

(सोनारी येथील बुद्ध विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने मला विषय दिला तो असा की, कामाच्या ठिकाणी वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात जे अंतर पडते, त्यावर चार शब्द बोलावेत. काहींना वाटेल, विहारात हा ऑफिसचा विषय कशाला? इथे धम्मावर बोला, बाबासाहेबांवर बोला. पण बघा, या मंडपात बसलेल्या घरांचा नुसता विचार करा. कुणाचा मुलगा एस.टी.त कंडक्टर आहे, कुणी साखर कारखान्यावर सीझनमध्ये कामाला जातो, कुणी नगरपरिषदेत सफाई कामगार आहे. कुणाची सून अंगणवाडी सेविका, कुणाची लेक आशाताई. कुणी पुण्याला कंपनीच्या गेटवर बारा-बारा तास उभा राहतो. आणि बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्यातलीच काही मुले शिकून तहसीलमध्ये, बँकेत, जिल्हा परिषदेत साहेबाच्या खुर्चीवरही बसली आहेत. म्हणजे खालची बाजू आपली आणि आता थोडीफार वरची बाजूही आपली. मग हा प्रश्न आपला नाही, तर कुणाचा?

मित्रहो, कुठल्याही मोठ्या खात्यात हुकूम वरून खाली येतो. त्याला वाट तयार असते. मुख्य कार्यालयातून परिपत्रक निघते, ते विभागाला येते, विभागातून आगाराला येते, आणि आगारात फळ्यावर चिकटवले जाते. त्याखाली सही घेतात. पण खालच्या माणसाला काही वर सांगायचे असले, तर वाट कोणती? त्याला सांगतात, 'योग्य मार्गाने या.' तो अर्ज लिहितो. अर्ज आधी त्याच्या लगतच्या साहेबाकडे जातो. आणि पुष्कळदा तक्रार असते ती नेमकी त्याच साहेबाबद्दल. मग तो अर्ज पुढे जाणार कसा? गेला तरी प्रत्येक टेबलावर त्यातला एक-एक शब्द गळतो. 'गाडीचा ब्रेक लागत नाही' असे ड्रायव्हर म्हणतो. पुढच्या टेबलावर ते 'ब्रेकबाबत किरकोळ तक्रार' होते. त्याच्या पुढच्या टेबलावर 'गाड्यांची स्थिती समाधानकारक' होते. यात कुणी खोटे बोलले, असे कुणालाच वाटत नाही. प्रत्येकाने आपल्या वरच्याला बरे वाटेल एवढेच केले.

मी नोकरीत असताना आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ अधिकारी आले होते. कार्यालयाचे नाव घेत नाही, घेण्याचे कारणही नाही, कारण हे सगळीकडे घडते. माणूस चांगला होता. मीटिंगमध्ये त्यांनी स्वतःहून विचारले, 'कुणाला काही अडचण आहे का? मोकळेपणाने बोला.' सगळे खाली मान घालून बसले. 'नाही साहेब, सगळं ठीक आहे.' साहेब समाधानाने गेले. त्यानंतर आम्ही चहाच्या टपरीवर गेलो, आणि तिथे एक तास अडचणीच अडचणी. शिपाई बोलला, क्लार्क बोलला, ड्रायव्हर बोलला. एक जण म्हणाला, 'मग मघाशी का नाही बोललास?' दुसरा म्हणाला, 'अन् बदली झाल्यावर माझी लेकरं तू सांभाळणार का?' बंधूंनो, त्या साहेबाची नियत वाईट नव्हती. पण नुसते 'बोला' म्हटल्याने कुणी बोलत नसते. विचारणाऱ्याच्या हातात आपली भाकरी असते, हे खालच्या माणसाला पक्के ठाऊक असते.

आता एक मोठे उदाहरण घेऊ. ते तुम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एस.टी. धावली. आज राज्यात तिची सुमारे अडीचशे आगारे आहेत, त्यातले एक आपले परांड्याचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये एस.टी.च्या कामगार संघटनांनी कृती समिती करून उपोषण सुरू केले. कोरोनाच्या काळात पगार वेळेवर होत नव्हता, महागाई भत्ता कमी होता. २८ ऑक्टोबरला मुंबईत मंत्र्यांबरोबर बोलणी झाली. महागाई भत्ता राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांप्रमाणे २८ टक्के करण्याचे ठरले आणि समितीच्या पुढाऱ्यांनी उपोषण मागे घेतले. पुढाऱ्यांना वाटले, प्रश्न मिटला. सरकारलाही वाटले, मिटला.

पण आगारातल्या माणसाने ते मानले नाही. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक म्हणाले, आमचे म्हणणे महामंडळ राज्य शासनात विलीन करा हे आहे, ते कुठे गेले? एकामागून एक आगारे बंद पडली आणि नोव्हेंबरमध्ये जवळपास सगळी एस.टी. ठप्प झाली. म्हणजे महामंडळाचे साहेब एकीकडे, कामगारांचेच पुढारी दुसरीकडे, आणि स्टेअरिंगवरचा माणूस तिसरीकडे! ज्यांनी कामगारांच्या वतीने सही केली, त्यांनाच कामगार विचारू लागले की, तुम्ही आम्हाला विचारले होते का? २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली. नव्या माणसाला पाच हजार, दहा वर्षे झालेल्याला चार हजार, वीस वर्षांच्या वर झालेल्याला अडीच हजार. रक्कम लहान नव्हती. तरी बहुसंख्य कामावर आले नाहीत, कारण तोपर्यंत विश्वास संपला होता. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा असे सांगितले, तेव्हा गाड्या पुन्हा पूर्णपणे सुरू झाल्या. विलीनीकरण झाले नाही.

जवळपास सहा महिने! हजारो माणसे निलंबित झाली, कित्येक बडतर्फ झाली. काही कर्मचाऱ्यांनी जीव दिला. आणि खेड्यातली आपली पोरे, ज्यांना परांड्याला किंवा बार्शीला कॉलेजला जायला एस.टी.च्या पासाशिवाय दुसरा आधार नव्हता, त्यांचे काय झाले ते मी सांगायला नको. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी इथे करत नाही. त्यात राजकारणही झाले. मला एवढेच म्हणायचे आहे की, आगारातला माणूस काय म्हणतो हे वरच्यांना कळायला गाड्या बंद पडाव्या लागल्या. आपल्याच पुढाऱ्यांनाही ते आधी कळले नाही. बोलण्याची वाट बुजली की माणूस दुसरी वाट काढतो, आणि ती वाट सगळ्यांनाच महाग पडते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. एस.टी.च्या माणसाला निदान बिल्ला आहे, हजेरीपटावर नाव आहे. आपल्या भागातून जो ऊसतोडीला जातो, त्याचे काय? नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल घेतली मुकादमाकडून, हिशोब मुकादमाकडे, शिवी मुकादमाची. कारखान्याच्या मोठ्या साहेबाने त्या बाईचे तोंडही पाहिलेले नसते. थंडीत पहाटे तीनला गाडी भरायची, लेकरू बांधावर झोपवायचे, आणि आजारी पडली तर खाडा तिच्याच अंगावर. शासनाने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढले, ओळखपत्रे द्यायचे ठरवले, ही चांगली गोष्ट आहे. पण जिथे साहेब आणि कामगार यांच्यामध्ये मुकादम नाही तर कंत्राटदार उभा असतो, तिथे अंतर दुप्पट होते. कारण तिथे 'हा माणूस आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे' असे म्हणायची सोय असते.

बाबासाहेबांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्या वेळी अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळ होतो म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध असे. पगार जास्त त्या खात्यात, आणि आपला माणूस तिथे नाही. संपाच्या पुढाऱ्यांच्या मागण्यांत मालकाविरुद्ध सगळे काही होते, पण या अन्यायाचा मुद्दा नव्हता. बाबासाहेबांनी धरून लावले, तेव्हा कुठे तो नाखुशीने घेतला गेला. बंधूंनो, यातला अर्थ ओळखा. कामगारांचा आवाज वर नेणारी संघटना होती, पण त्या आवाजातही सगळ्यात खालच्याचा आवाज नव्हता. म्हणूनच त्यांनी १९२० साली पहिले पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले होते.

पुढे १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीला परिषद भरली आणि सरकार, मालक व मजूर या तिघांचे प्रतिनिधी नियमाने एकत्र बसतील अशी कायमची व्यवस्था झाली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळशाच्या खाणी पाहायला गेले, तेव्हा वर ऑफिसात बसून फाइली पाहून परत आले नाहीत. ते खाणीत खाली उतरले, मजुरांच्या चाळी पाहिल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कार्य समितीची तरतूद केली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असा नियम होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कार्य समिती ठेवली आहे, आणि वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती सांगितली आहे. आपल्या नोकरदार तरुणांनी आपल्या ठिकाणी ही समिती आहे का, तीत कोण आहे, तिची बैठक होते का, हे विचारले पाहिजे. कायदा कागदावर ठेवायला नसतो.

पण कायद्याने समिती नेमता येते, भीती घालवता येत नाही. भीती कशी घालवायची, हे शिकायला आपल्याला दूर जायला नको. ते आपल्या भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

विनयात एक कथा आहे. कोसल देशात काही भिक्खू वर्षावासाला एकत्र राहिले. आपसात भांडण नको म्हणून त्यांनी ठरवले की, तीन महिने कुणी कुणाशी बोलायचेच नाही. घागर उचलायची असली तर हाताने खूण करायची. वर्षावास संपल्यावर ते भगवंतांकडे श्रावस्तीला आले आणि म्हणाले, आम्ही अगदी सुखाने राहिलो. त्यांना वाटले, शाबासकी मिळेल. पण भगवंतांनी त्यांना दोष दिला. हे जनावरांसारखे राहणे झाले, याला सुख म्हणत नाहीत, असे सांगितले. आणि तिथेच प्रवारणेचा नियम घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी सर्व संघाने एकत्र बसायचे, आणि प्रत्येकाने संघाला विनंती करायची की, माझ्याबद्दल कुणी काही पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा; दोष दिसला तर मी सुधारीन.

आणि ही विनंती पहिल्यांदा कोणी करायची? नव्या श्रामणेराने नाही. सगळ्यात ज्येष्ठ थेराने! तो चीवर एका खांद्यावर घेऊन, उकिडवा बसून, हात जोडून तीन वेळा विनंती करतो. त्यानंतर क्रमाने खालचे. माझ्या भाषणातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर ही न्या. आपल्या कार्यालयांत तक्रार सांगणारा हात जोडतो. भगवंतांच्या संघात तक्रार ऐकणारा हात जोडतो, आणि तोही जेवढा मोठा तेवढा आधी.

कुणी म्हणेल, थेरांचे ठीक, पण सर्वांत वरचे जे होते त्यांचे काय? संयुत्त निकायात प्रवारणेचे एक सुत्त आहे. श्रावस्तीला पूर्वारामात, विशाखेने बांधून दिलेल्या प्रासादात, सुमारे पाचशे भिक्खू जमले होते. तिथे स्वतः तथागतांनी संघाला विचारले की, माझ्या कायेत किंवा वाचेत दोष देण्यासारखे काही दिसते का? तेव्हा सारिपुत्त उठले आणि म्हणाले, नाही. मग त्यांनी स्वतःबद्दल तेच विचारले. सम्यक संबुद्धांना विचारण्याची गरज काय होती? पण त्यांनी विचारले. मग आपल्या हेडमास्तरने, मॅनेजरने, इंजिनियरने, आणि विहार समितीच्या अध्यक्षाने विचारायला लाज कसली?

भगवंतांनी माणसाचे मन किती ओळखले होते, ते महापरिनिब्बान सुत्तात दिसते. कुशिनारेला अखेरच्या वेळी त्यांनी भिक्खूंना विचारले, कुणाच्या मनात काही शंका राहिली आहे का? सगळे गप्प. तीन वेळा विचारले, तीन वेळा गप्प. तेव्हा ते म्हणाले की, शास्त्यावरच्या आदरामुळे तुम्ही विचारत नसाल, तर आपल्या मित्राला सांगा, त्याने विचारावे. पाहा, आदरानेसुद्धा तोंड बंद होते, फक्त भीतीनेच नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी गप्प बसणाऱ्यासाठीही वाट ठेवली. आमच्या कार्यालयात आलेल्या त्या साहेबाने एकदा विचारले आणि 'सगळं ठीक आहे' यावर विश्वास ठेवून गाडीत बसले. तिथेच फरक आहे.

खालच्याला मान कसा द्यावा, हेही संघात दिसते. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्यालाच विचारले गेले. हाताने काम करणाऱ्याला कामाचे बारकावे जास्त कळतात. यात्रेला जादा गाड्या कुठे उभ्या कराव्यात, हे मुंबईच्या साहेबापेक्षा आपल्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरला जास्त कळते. कुठल्या घरातले मूल अशक्त आहे, हे अंगणवाडीच्या बाईला तक्त्यात भरण्याआधीच ठाऊक असते.

आता मी थोडे आपल्या घरचे बोलणार आहे. कुणी राग मानू नये.

जे आपल्यातले साहेब झाले, त्यांना माझे सांगणे आहे. तुमच्या हाताखाली शिपाई आहे, सफाई करणारी बाई आहे, कंत्राटी पोरगा आहे. आपला बाप एकेकाळी त्याच जागी उभा होता. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांबद्दल जे दुःख व्यक्त केले, ते विसरू नका. ते दुःख असे होते की, शिकून वर गेलेला समाजाकडे पाहत नाही. खालच्याला एकदा विचारून सोडू नका. ठरलेल्या दिवशी विचारा. तो बोलला म्हणून त्याची ड्युटी बदलली, त्याचा कॉल बुडवला, असे होऊ देऊ नका. आणि त्याने सांगितलेले काम होणार नसेल, तर 'होणार नाही, या कारणाने होणार नाही' असे स्पष्ट सांगा. नाही म्हटलेले माणूस सहन करतो. उत्तरच आले नाही, हे सहन होत नाही.

जे हाताखाली काम करतात, त्यांनाही सांगतो. टपरीवर बोलून काही होत नाही. एकट्याने बोलायची भीती असेल तर चौघांनी मिळून लिहा. तारीख घाला, गाडीचा नंबर घाला, पोच घ्या. आणि आपला पुढारी आपल्या नावाने सही करायला निघाला, तर त्याआधी त्याने आपल्याला विचारले पाहिजे, असा आग्रह धरा. एस.टी.च्या संपात तेच राहून गेले.

आणि आपल्या विहाराचे काय? इथेही अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, खजिनदार आहेत. विहार झाडते कोण? खीर करते कोण? वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला रोज येऊन बसते कोण? आपल्या आया-बहिणी. पण समितीची बैठक असली की त्या बाहेर सतरंजीवर आणि निर्णय आत. जयंतीची मिरवणूक कशी काढायची हे तरुणांना सांगितले जाते, विचारले जात नाही. मग तरुण आपले वेगळे मंडळ काढतात आणि आपण म्हणतो, पोरं बिघडली. वर्गणीचा हिशोब चोख असला तरी मोठ्याने वाचला नाही, तर कुजबूज होते. कोसलातल्या त्या भिक्खूंसारखे आपणही भांडण नको म्हणून गप्प राहतो आणि त्याला एकी म्हणतो.

म्हणून या वर्धापन दिनी माझी समितीला नम्र सूचना आहे. आषाढ पौर्णिमेला आपण वर्षावास सुरू करतो आणि अश्विन पौर्णिमेला समाप्ती करतो. त्या दिवशी भोजनदान होते, फोटो होतात. यंदापासून त्या दिवशी एक तास खऱ्या प्रवारणेला द्यावा. पूज्य भन्तेजींच्या उपस्थितीत आधी अध्यक्षांनी उभे राहून हात जोडून विचारावे, 'वर्षभरात आमचे काय चुकले ते सांगा.' मग सचिवांनी, मग खजिनदारांनी हिशोब वाचून. सगळ्यात आधी बोलण्याचा मान महिलांना, नंतर तरुणांना. कुणाला सर्वांसमोर बोलता येत नसेल, तर भगवंतांनी सांगितल्याप्रमाणे मैत्रिणीच्या तोंडून बोलावे. जे बोलले जाईल ते वहीत लिहावे, आणि पुढच्या पौर्णिमेला त्या वहीतले काय झाले, काय झाले नाही, ते वाचून दाखवावे. त्यात कटू शब्द येतील. येऊ द्या. बोललेले दुःख हलके होते, आणि दाबलेले दुःख एक दिवस आगार बंद पाडते.

हे आपण इथे पाच-सहा वर्षे नेटाने केले, तर मुलांना दोन्ही सवयी लागतील. खाली असताना न घाबरता बोलण्याची, आणि वर गेल्यावर हात जोडून ऐकण्याची. ती मुले उद्या ज्या आगारात, ज्या कारखान्यात, ज्या कार्यालयात जातील, तिथे ही सवय घेऊन जातील.



नमो बुद्धाय! जयभीम!